दया-अभिजीतसारखी जोडी खऱ्या पोलिसांत असते का? तसा ताण असतो का?

तुम्ही भरतीची तयारी करताय आणि विचारलंय की सीआयडीच्या नव्या पर्वात दया-अभिजीत एकमेकांच्या जिवावर उठले, तसं खऱ्या जोडीदारांत होतं का, आणि जोडी टिकते कशी. मी यवतमाळ जिल्ह्यात हवालदार म्हणून निवृत्त झालो. ताण असतो, भरपूर असतो, आणि तो बहुतेक वेळा कागदावरून असतो.

सीआयडी १९९८ साली सुरू झाली, २०१८ ला थांबली, डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. शिवाजी साटमांवर आमचा सगळ्यांचा जीव. पण इतक्या वर्षांत तिथे कोणी मांडी घालून पंचनामा लिहिताना दिसलं नाही. दयाची थप्पड बसली की आरोपी सगळं ओकतो आणि विषय संपतो. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. चालतो तो आरोपीच्या निवेदनावरून काढलेला मुद्देमाल. म्हणून लिहिणाऱ्याच्या हातात फार ताकद असते. जोडीदाराची मेहनत ठेवायची की पुसायची, हे तो ठरवतो.

आमच्या हद्दीत एका रब्बीत विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. रात्रीची लाइन, शेतकरी ओलिताला गेला की मोटारच नाही. मी आणि माझा जोडीदार, एकच बीट, एकच मोटारसायकल. तो सिनियर, मी त्याला भाऊ म्हणायचो. एका सकाळी नाल्याच्या काठाला मला जळालेली जागा दिसली. रेती काळी पडलेली, वायंडिंगच्या वार्निशचा उग्र वास अजून येत होता. तांबं मोकळं करायला तिथे वायंडिंग जाळलं होतं. भाऊ म्हणाला, चाल, कोणीतरी शेकोटी केली असन. मी खाली बसलो. राखेत अर्धवट जळालेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं होती, आणि आजूबाजूला सगळा गहू-हरभरा. पऱ्हाटीचा ढीग फक्त एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर रचलेला. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. तिथून आम्ही माणसापर्यंत पोचलो. त्याने निवेदन दिलं आणि पंचांसमोर कुटाराच्या (भुशाच्या) ढिगातून तांब्याची गुंडाळी काढून दिली.

भाऊने डायरीत काय लिहिलं? "गोपनीय बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाल्याने." ठाण्यात हे वाक्य रोज लिहिलं जातं, खऱ्या बातमीदाराला जपायला ते लागतंच. इथे बातमीदार कोणीच नव्हता, मी होतो. बक्षीस त्याच्या शीटला, म्हणजे नोकरीच्या नोंदीला लागलं. मी विचारलं तर म्हणाला, "कायले मनावर घेतं बे, कागद असाच लिहा लागते. टीम हाय आपली."

त्यानंतर एकाच गाडीवर बसून आम्ही कामापुरतं बोलायचो. डबा वेगवेगळा खायचो. तरी कोर्टात आरोपीच्या वकिलाने आम्हा दोघांना आलटून पालटून उलटतपासणीत घेतलं तेव्हा जबाबात केसाचा फरक पडला नाही. एक पंच फितूर झाला, आम्ही हललो नाही. मालिकावाल्यांना हे दाखवता येत नाही. त्यांना वाटतं मन दुखलं की पिस्तूल निघतं. दुखलेल्या मनानेही माणूस जोडीदाराच्या पाठीमागे नीट उभा राहतो, आणि तेच जास्त जड जातं.

त्यातल्या त्यात पाताल लोक या वेब मालिकेने हे ओळखलं. २०२० च्या पहिल्या पर्वात अन्सारी हा हाथीराम चौधरीच्या हाताखाली, दुसऱ्या पर्वात तो आयपीएस होऊन वर, आणि हाथीराम आहे तिथेच इन्स्पेक्टर. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, तरी मध्ये ते पद येतंच. हाथीराम झालेल्या जयदीप अहलावतने नुसत्या चेहऱ्याने ते पेललं. दया-अभिजीतचं वैर त्याच्यापुढे फिकं आहे.

जोडी कशी टिकते म्हणाल, तर दोघं मित्र असलेच पाहिजेत असं काही नाही. ज्याने शोधलं त्याचं नाव स्टेशन डायरीत त्याच दिवशी घाला, "पोहवा (पोलीस हवालदार) अमुक यांनी निरीक्षण केले" एवढी एक ओळ पुरते. वरिष्ठ विचारतील तेव्हा तोंडीही सांगा. टीम, टीम म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या नावाचा कागद घरी घेऊन गेलेला असतो. भरती झालात आणि सिनियरने असं केलं तर आतल्या आत धरून बसू नका. ठाणेदारांच्या कानावर घाला, शांतपणे, तारखेसह. बायको मला हेच सांगायची, आणि मी तिला सांगायचो की खात्यात असं चालत नाही. आज माझं म्हणणं एवढंच आहे की ठाणेदार चांगला असेल तरच बोला.

सगळेच सिनियर असे नसतात हेही लिहितो. आणि भाऊ माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस राबला, तेही खरं आहे. पण परवा बाजारात भेटला तर चारचौघांत पुन्हा म्हणाला, "ते मोटारीवालं प्रकरण आपण दोघांनी उघडं केलं." भाऊ, तुमचा मुलगा इथलं वाचतो म्हणून लिहितो. पकडलं दोघांनी. राखेत हात मी घातला होता.