आंघोळ झाली की पाय का गळतात?

प्रश्न : माझ्या मिस्टरांना मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. घरात काठी घेऊन चालतात. या उन्हाळ्यात आंघोळ करून आले की पाय गळतात, डोळ्यांपुढे धूसर होतं. तासाभराने ठीक वाटतं. आजार वाढला का? रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, म्हणून त्यांनी पाणीही कमी केलंय.
— एक वाचक, अकोला

उत्तर : तासाभरात ओसरतंय, म्हणजे हा आजाराचा नवा अटॅक नव्हे. या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण खराब झालेलं असतं. अंगाचं तापमान अर्ध्या अंश सेल्सिअसने वाढलं तरी तिथून संदेश नीट जात नाहीत. अंग निवलं की पुन्हा जाऊ लागतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी 1890 मध्ये हे नोंदवलं होतं.

खरी भीती बाथरूममध्ये पडण्याची. आंघोळ सकाळी, कोमट पाण्याने. चौरंग नको, त्यावरून उठताना गुडघे दगा देतात. दोन्ही बाजूंना हात असलेली, न घसरणारी खुर्ची ठेवा. आधाराला भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा. टॉवेलच्या दांडीला धरलं तर ती हातात येते! आतून कडी नको. अकोल्याच्या कोरड्या उन्हात कूलर आणि मानेवर ओला पंचा पुरतो. पावसाळी दमटपणात कूलरचा उपयोग नाही.

पाणी तोडणं मात्र चूक. लघवी दाट होते, जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ वाढतं. आणि संसर्ग झाला की पाय आणखी गळतात. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी हवं, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहापर्यंत. चारनंतर चहा नको. लघवीआधी आणि लगेच नंतर सोनोग्राफी करून मूत्राशयात किती उरते ते मोजून घ्या. 100 मिलिपेक्षा जास्त उरत असेल तर डॉक्टर बारीक नळीने स्वतः लघवी काढायला शिकवतील. ‘लघवी थांबवणाऱ्या’ गोळ्या परस्पर आणू नका, मूत्राशय रिकामं होत नसेल तर त्यांनी आणखीच तुंबते.

नवं लक्षण 24 तासांहून जास्त टिकलं तर न्यूरॉलॉजिस्टला कळवा. त्याआधी ताप बघा, लघवी तपासा. ‘मागच्या अटॅकला दिलं तसं सलाईनमधून स्टेरॉईड द्या’ असा आग्रह घरचेच धरतात. अंगात संसर्ग असताना ते महागात पडू शकतं.

प्रश्न : दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

उत्तर : हो. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत हा आजार आहे. अर्ज यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) सरकारी पोर्टलवर करायचा. तपासणीला एमआरआय आणि जुने कागद न्या, आणि चालण्याबरोबर लघवी, नजर, थकवा यांचे त्रासही सांगा. बऱ्याच सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.