जुन्या कंबरदुखीत व्यायामाची सुरुवात करताना

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेत दुखणे वाढले म्हणजे इजा वाढली असे दर वेळी नसते, ही गोष्ट आपण प्रथम ध्यानात घ्यावी. ती पटली की हालचालीची धास्ती बरीच कमी होते. मात्र सुरुवात फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करावी.

जमिनीवर दुहेरी सतरंजी अंथरून उताणे झोपावे, गुडघे वाकवून तळपाय टेकवावेत आणि डोक्याखाली पातळ उशी घ्यावी. श्वास सोडताना कंबरेखालची पोकळी हलकेच सतरंजीकडे दाबावी व श्वास घेताना सैल सोडावी. येथे दात-ओठ खाण्याचे काम नाही. हालचाल इतकी लहान असावी की शेजारी बसलेल्याच्या लक्षातही येऊ नये. पाच-सहा आवर्तने पुरेत. उठताना कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठावे. (जमिनीवरून उठणेच जड जात असेल, तर हेच पलंगावर केले तरी चालते.)

‘ताठ बस’ हा घरोघरचा धाक मी फारसा मानत नाही. एकाच स्थितीत तासभर राहण्यापेक्षा अर्ध्या तासाने स्थिती बदलणे अधिक उपयोगी ठरते.

खरी कसोटी बऱ्या दिवशी लागते, कारण त्या भरात माणूस दुप्पट व्यायाम करतो आणि पुढे अंथरूण धरतो. म्हणून तेव्हाही ठरल्यापेक्षा अधिक करू नये. वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झाले नाही, तर आवर्तने निम्मी करावीत. पायांत वाढती कमजोरी, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही जाणवल्यास मात्र व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.