व्हीने सुरू होणारा 'उंट'

प्रश्न असा: धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५४५च्या जर्मन बायबलाच्या डिजिटल प्रतीत 'आणि' या अर्थाचा शब्द यू-एन-डी असा न येता जागोजागी व्ही-एन-डी असा येतो. टंकणाऱ्याची चूक की फाइल बिघडली?

दोन्ही नाही. त्या काळी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपं होती. शब्दाच्या सुरुवातीला व्ही, मध्ये यू, मग उच्चार काहीही असो. म्हणून 'आणि' या अर्थाचा 'उंट' (हो, उच्चार जवळपास आपल्या उंटासारखाच) व्हीने सुरू होतो. उलट 'आधी' या अर्थाच्या 'त्सुफोर'मध्ये आज व्ही आहे, तिथे तेव्हा झेडनंतर ओळीने दोन यू. पण सगळे व्ही सरसकट बदलू नका. 'फाटर' म्हणजे बाप, त्याचा व्ही आजही व्हीच आहे.

फ्राक्टुर हे जुन्या जर्मन छपाईतल्या अक्षरांचं वळण, ते फॉन्टवर सोडावं. लांब एसचं, म्हणजे एसच्या जुन्या रूपाचं, तसं नाही. त्याला युनिकोडात (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत) स्वतंत्र जागा आहे. तो दिसतो एफसारखा, फक्त आडवी रेघ आरपार जात नाही. त्यामुळे स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर एसने सुरू होणाऱ्या 'झाइन'चं (त्याचा) 'फाइन' (नाजूक, छान) करून ठेवतं, आणि दोन्ही अस्सल जर्मन शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस गप्प! यूवरच्या दोन ठिपक्यांच्या जागी बारकासा ई दिसला तर तोही राहू द्या. ठिपके त्या ईपासूनच आले.

माझं मत विचाराल तर मूळ लेखन जसंच्या तसं ठेवावं आणि शोधासाठी आजच्या लेखनाची प्रत मागे जोडावी. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपल्याकडच्या 'केलें'वरचा अनुस्वार गेला, वाचायला काही अडलं नाही, पण नपुंसकलिंगाची खूण डोळ्यांआड झाली. ल्यूथरच्या जुन्या करारात (बायबलच्या पहिल्या भागात) तर नुसत्या मोठ्या अक्षरांनाही अर्थ आहे. 'हेर' (एच-ई-आर-आर) म्हणजे प्रभू. चारही अक्षरं मोठी असली तर मूळ हिब्रूत देवाचं चार अक्षरी नाव आहे, पहिली दोनच मोठी असली तर 'अदोनाय', म्हणजे प्रभू या अर्थाचा हिब्रू शब्द. 'नीटनेटकं' करायच्या नादात कुणी मोठी-लहान अक्षरं एकसारखी केली, की हे दोन शब्द वेगळे ओळखताच येत नाहीत.