विचारून कळणारं मन

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. त्यात दोन प्रश्न आहेत. आजी गेली त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही आणि ओसरीवरच्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "काळीज हाय का गोटा?" हा एक. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्यांच्या मेंदूला 'मी' आणि 'दुसरा' यांतला फरक कळत नाही असं तू मोबाइलवर वाचलंस, आणि तेव्हापासून तुला वाटतंय की आपल्यात 'मी' असं काही नाहीच. हा दुसरा. तुझ्यासारखंच माझंही ऑटिझमचं निदान झालं, तेही चाळिशी उलटल्यावर, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकीव लिहीत नाही.

आधी दुसरा प्रश्न घेते, कारण त्यात तुझी चुकीची समजूत करून दिली गेली आहे. तू वाचलंस ते बहुधा केंब्रिज विद्यापीठातल्या मायकेल लोम्बार्डो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाबद्दल असावं. २०१० साली तो 'ब्रेन' या नियतकालिकात आला. त्यांनी ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या प्रौढ पुरुषांना एमआरआय यंत्रात झोपवून प्रश्न विचारले. काही स्वतःबद्दल, काही इंग्लंडच्या राणीबद्दल. रोजनिशी लिहिणं महत्त्वाचं आहे असं तुम्हाला कितपत वाटतं? राणीला कितपत वाटत असेल? कपाळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागात खाली मध्यावर एक जागा आहे. ऑटिझम नसलेल्यांमध्ये ती स्वतःचा विचार करताना जास्त काम करत होती, राणीचा विचार करताना कमी. ऑटिझम असलेल्यांमध्ये दोन्ही वेळा सारखीच. त्यांच्यातही सगळे एकसारखे नव्हते. ज्यांच्यात हा फरक जास्त उमटला त्यांना लहानपणी लोकांत मिसळताना तुलनेनं कमी त्रास झालेला होता.

आता सांग, यात 'मी' नाही असं कुठं म्हटलंय? ती माणसं स्वतःबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं देतच होती. फरक दिसला तो मेंदूच्या एका जागेच्या कामात. आणि त्या यंत्रात एकही बाई नव्हती, हेही लक्षात ठेव. पोरींमधला ऑटिझम बरेचदा ओळखूच येत नाही, त्याचं एक कारण अभ्यास वर्षानुवर्षं मुख्यतः मुलांवर झाले हे आहे. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

त्या अभ्यासातून मी घेतलं ते असं. स्वतःच्या मनाचा विचार करताना आणि दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना मेंदूच्या बऱ्याचशा त्याच जागा कामाला लागतात. म्हणून आपल्यापैकी अनेकांना दुसऱ्याचं मन जितकं उशिरा कळतं, तितकंच स्वतःचंही. लोकांना पहिली अडचण दिसते. दुसरी कुणालाच दिसत नाही, कधी कधी आपल्यालाही नाही.

लंडनमध्ये १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांना बाहुल्यांचा एक प्रसंग दाखवला. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, ॲन ती गोटी डब्यात लपवते. परत आल्यावर सॅली गोटी कुठं शोधेल? ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी डबा दाखवला. तिथून 'यांना दुसऱ्याचं मन कळतच नाही' हे वाक्य जगभर गेलं. टोपली दाखवणारी ४ मुलं मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. पुढे २००९ मध्ये अत्सुशी सेंजू यांच्या गटानं ॲस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे तेव्हा वेगळ्या नावानं ओळखला जाणारा ऑटिझमचाच एक प्रकार, असलेल्या प्रौढांना पाहिलं. असा प्रश्न तोंडी विचारला की ते बरोबर उत्तर देत होते. पण नुसतं दृश्य दाखवलं, काहीच विचारलं नाही, तर समोरचा माणूस कुठं शोधणार आहे तिकडे त्यांची नजर आधीच वळत नव्हती.

बेटा, माझ्या सगळ्या आयुष्याचा उलगडा मला याच अभ्यासात झाला. विचारलं की कळतं. आपोआप कळत नाही. इतरांना डांबरी सडक मिळालेली असते, आपण त्याच गावी पांदणीनं जातो, आणि काळ्या मातीतली पांदण पावसाळ्यात किती दमवते हे तुला मी सांगायला नको. पण पोचतो आपण. म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे: विचारायची लाज सोड. दुसऱ्याला विचार, तसंच स्वतःलाही विचार.

आता आजी. तू लिहिलंस, त्या दिवशी काहीच वाटलं नाही. मग पुढे लिहिलंस, की दिवसभर विहिरीचं पाणी ओढून आलेल्या-गेलेल्यांसाठी सगळी भांडी भरलीस, आजीच्या उरलेल्या गोळ्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्यास, आणि तेरवी झाल्यावर ताप आला, घास गिळेना. ताप कशाचा ते डॉक्टर सांगतील. पण बाकीचं वाच ना तूच लिहिलेलं. याला 'काहीच वाटलं नाही' म्हणतात का? तुला वाटत होतं; काय वाटतंय हे त्या वेळी ओळखता येत नव्हतं. स्वतःच्या भावना ओळखायला आणि सांगायला अवघड जाण्याला मानसशास्त्रात ॲलेक्सिथायमिया म्हणतात. ऑटिझम असलेल्या प्रौढांपैकी साधारण निम्म्यांमध्ये तो आढळतो, आणि ऑटिझम नसलेल्या माणसांमध्येही असतो. जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जवळच्या माणसाला वेदना होताना पाहणाऱ्यांचा मेंदू तपासला. सहवेदनेशी जोडलेल्या भागाचा प्रतिसाद ज्यांच्यात कमी होता, त्यांच्यात तो ॲलेक्सिथायमियाच्या प्रमाणात कमी होता. ऑटिझममुळे वेगळा फरक पडला नाही. ओसरीवरच्या बाईला हे कुणी सांगणार नाही. तू मात्र स्वतःला रोज सांग.

एक वही कर. संध्याकाळी दिवा लावल्यावर दोनच गोष्टी लिही: आज काय घडलं, आणि अंगात काय झालं. पोट, खांदे, जबडा, झोप, भूक. भावनेचं नाव लिहायचा आग्रह धरू नकोस, ते मागाहून येतं. माझ्या वहीत बऱ्याच दिवसांनी मला दिसलं की शाळेत कुणी माझ्याबद्दल माझ्यासमोरच तिसऱ्याशी बोललं की रात्री माझा जबडा दुखतो. तो राग होता. तोवर मी दातांच्या डॉक्टरांकडे जात होते. आणि कुणी विचारलं, "काहून वं, राग आला का?" तर लगेच 'नाही' म्हणू नकोस. "मले उद्या समजते, उद्या सांगतो" असं सांग. हे उत्तर खरं आहे आणि ते द्यायचा तुला हक्क आहे.

दुसऱ्यांच्या मनाबद्दल तू पत्रात सगळा दोष स्वतःकडे घेतलास. तो मला मान्य नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हे न कळणं दोन्हीकडून असतं: आपल्याला त्यांचं मन पटकन कळत नाही, त्यांनाही आपलं कळत नाही. फक्त आजार म्हणून नोंद आपल्या नावावर होते. एडिनबरा विद्यापीठात कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या गटानं हे तपासलं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याला सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. जास्त गळती झाली ती मिसळलेल्या साखळ्यांत. तुझी आजी तुझ्याशी न बोलता तासन्‌तास तुरीची डाळ निवडत बसायची आणि तुम्हा दोघींचं छान चालायचं. मला त्या बाईबद्दल फार आदर आहे. ती तुला वाचायला शिकली होती.

आपल्याकडे माणसं आडून बोलतात, हेही खरं. कुणी "येऊ ना बाप्पा" म्हणालं की बरेचदा येत नाही. उंबऱ्यावर उभं राहून "जेवून जा" म्हणालं की दर वेळी पान वाढायचं मनात असतंच असं नाही. तुझ्या सेतू केंद्रावर पीक विम्याचा फॉर्म घेऊन आलेला शेतकरी म्हणतो, "पाह्य ना ताई, जमते का." तू पाहतेस, जमतं की नाही ते सांगतेस, आणि तो रागावून जातो, कारण त्याला ते आजच करून हवं असतं. अशा वेळी दोन पर्याय पुढे ठेव: "भाऊ, आजच पाह्यजे का उद्या चालते?" कुणाला त्यात उद्धटपणा वाटत नाही. उलट ज्याचा सातबारा अडकलाय त्याला बरं वाटतं, की या पोरीनं नीट विचारलं.

लिहून बोलायचाही उपयोग कर. नोआ सॅसन यांच्या २०१७ च्या अभ्यासात लोकांनी ऑटिस्टिक माणसांना काही सेकंद पाहून किंवा ऐकून त्यांच्याबद्दल नापसंतीचं मत बनवलं. तेच बोलणं फक्त लिहिलेलं वाचायला दिलं, तेव्हा ते मत उरलं नाही. म्हणजे तुझ्या म्हणण्यात खोट नाही. वहिनीशी जे बोलायचं अडतंय ते व्हॉट्सॲपवर लिही.

पण हे सगळं दिवसभर करत राहू नकोस. हसू ओढून आणणं, नजर जुळवणं, प्रत्येक वाक्याचा हिशेब लावणं यानं माणूस आतून झिजतं. केंद्र बंद केल्यावर अर्धा तास कुणाशीही न बोलण्याचा नियम घरात मागून घे. मन फारच काळवंडलं, जगणं नको वाटलं, तर मला फोन कर आणि १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीलाही कर. तिथं मराठीत बोलता येतं.

दिव्यांग प्रमाणपत्राचं थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करता येतो, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. नागपूरचे निदानाचे कागद सोबत ठेव. करायचं की नाही ते तू ठरव. पाहुण्यांना काय वाटेल या भीतीनं मात्र ठरवू नकोस.

आईला कसं सांगू, असं विचारलंस. लिहूनच सांग. पाण्याची भांडी, गोळ्या, ताप, हे तीनच प्रसंग लिही आणि खाली लिही, "आई, माझं रडणं असं होतं." मग तिला विचार की तिला त्या दिवशी काय दिसलं होतं, आणि तिचं उत्तर वहीत उतरवून घे. पुढच्या पत्रात ते मला पाठव.

तुझी,
बाई