बुलेटचा हप्ता आणि शेकडा तीन

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. नोकरी पक्की झाली, हातात २४,००० पडतात आणि शोरूमवाला बुलेटसाठी एक लाखाचं कर्ज दोन वर्षांसाठी '१२ टक्के फ्लॅट'नं करून देतोय. घेऊ का, असं तू विचारतोस. तुझे वडील परवा ओट्यावर बसून म्हणाले, "आबा, तुम्हीच लिहा, माझं तो ऐकायचा नाही."

मी तीस वर्षं विकास सोसायटीचा, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा सचिव होतो. कर्जाच्या रजिस्टरात आख्खं गाव दिसतं. पाच एकरवाल्याच्या नावापुढे बाकी असते, पंचवीस एकरवाल्याच्याही असते आणि ती मोठी असते. उत्पन्न वाढलं की कर्ज सरेल, असं मलाही नोकरीला लागलो तेव्हा वाटायचं. पण उत्पन्न वाढलं की सगळ्यात आधी वाढतं ते आपल्याला कर्ज देऊ पाहणाऱ्यांचं प्रेम. माझा पगार वाढला त्याच वर्षी घरात रंगीत टीव्ही आणि मोटारसायकल दोन्ही हप्त्यावर आली, आणि तीन वर्षं मी वाढीच्या आधीपेक्षा जास्त तंगीत काढली. हे तुझ्या काकूला विचारू नकोस, ती अजून सुनावते.

गरीब आणि सधन यांच्यात खरा फरक पडतो तो दरात. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ३० जूनच्या आत फेडलं की बिनव्याजी पडतं. तुझे वडील सालदार, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. सातबारा नाही, पगारपत्रक नाही. त्यांच्या वाट्याला येतो सावकाराचा शेकडा तीन. ऐकायला तीन टक्के, पण ते महिन्याचे. वर्षाचे ३६ झाले. गावातला सगळ्यात महाग पैसा सगळ्यात कमी कमाईचा माणूस वापरतो, आणि वर 'यांना पैसा टिकवता येत नाही' हेही त्यालाच ऐकावं लागतं.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. ज्याला दर महिन्याच्या एक तारखेला पगार होतो, त्याला हे सांगणं ठीक आहे. कापूसवाल्याचं अंथरूण दिवाळीला ऐसपैस असतं आणि जूनमध्ये हातरुमालाएवढं. बियाणं, खत, पोरांच्या वह्या, फी, सगळं जूनमध्येच. कापसाचा पैसा येतो दसऱ्यानंतर. सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं, आणि साल ठरतानाच उचल घेतलेली असते. पुढचं वर्षभर तो आधीच खर्चलेला पैसा फेडत राबतो. (आखाजीला पत्त्यांत घालवणारे आहेतच. पण त्यांच्यामुळे गाव कर्जात आहे, असं रजिस्टर सांगत नाही.)

बिनव्याजीवाल्यांचीही एक गंमत सांगतो. जूनअखेर पैसा नसतो, मग 'नवंजुनं' करतात. दोन लाख शेकडा तीननं पंधरा दिवसांसाठी उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज निघालं की परत करायचे. तीन हजारांत सुटतो. पण नवं कर्ज दोन महिने लांबलं, तर १२,००० व्याज फक्त वाट पाहण्याचं. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीच्या याद्या मी बघितल्या आहेत. त्यांत बँकेच्या कर्जाला जागा होती, असल्या खासगी व्याजी पैशाला नव्हती.

आता तुझी बुलेट. १२ टक्के फ्लॅट म्हणजे दोन वर्षांचं व्याज २४,००० आणि हप्ता ५,१६७. पहिल्या महिन्यात तू लाखाचा देणेकरी असतोस, शेवटच्या महिन्यात जेमतेम पाच हजारांचा. व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर घेतात. उरलेल्या मुदलावर, म्हणजे घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर २१ टक्क्यांच्याही वर जातो. शोरूमवाल्याला 'घटत्या शिलकीवर किती?' एवढंच विचार आणि त्याचा चेहरा बघ. फाइल चार्ज, विमा वेगळा.

पण मी पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. तुझ्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी ४०,००० शेकडा तीननं घेतले. चार वर्षं झाली, दर महिन्याला १,२०० देतात, ते नुसतं व्याज. आतापर्यंत ५७,६०० गेले आणि मुद्दल जागच्या जागी आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू शिकत होतास. मलाही सांगू नका म्हणाले होते. मी त्यांचा शब्द मोडतोय.

मी गणित मांडून बघितलं. बुलेटसाठी द्यायला निघालास तोच ५,१६७ चा हप्ता त्या खात्यात भरलास, तर व्याज त्यातूनच जाऊन नऊ महिन्यांत ते खातं बंद होतं. वडिलांचे १,२०० लगेचच घरात राहतात आणि नऊ महिन्यांनंतर तुझे ५,१६७ तुझ्याकडे. मग गाडी अर्धी रोखीनं घे, मी आड येणार नाही.

मात्र पैसे वडिलांच्या हातात देऊ नकोस, ते आधी घराचा पत्रा बदलतील. माझ्याबरोबर सावकाराकडे चल, मुद्दल किती उतरलं ते कर्जाच्या चिठ्ठीवर दर वेळी लिहून घेऊ आणि शेवटी ती चिठ्ठी फाडून घेऊ. रविवारी येतोस का? भरीताची वांगी निघाली आहेत.

तुझा,
आबा