टॅब कपाटात, किल्ली हेडसरांकडे

प्रश्न : शाळेला चार टॅब मिळाले. सातवीला ‘साप’ हा प्रकल्प दिला होता. माहिती शोधताना एका मुलाचं बोट बाजूच्या जाहिरातीवर पडलं आणि नको ती चित्रं उघडली. त्याच्या वडिलांनी शाळेत येऊन आकांडतांडव केलं. तेव्हापासून टॅब कपाटात आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. मुलं आता झेरॉक्सच्या दुकानातून छापील पानं आणून कार्डशीटवर चिकटवतात. वीस मुलांचे वीस प्रकल्प, मजकूर एकच. नेट वर्गात आणावं की नाही?
— एक शिक्षिका, कोरेगाव तालुका

उत्तर : बाई, आणा. कपाटाला कुलूप लागलं म्हणून मुलं नेट सोडत नाहीत, ती झेरॉक्सवाल्याकडे जातात, आणि तिथे तुम्ही नसता.

तुमच्या पत्रात मला जाहिरातीपेक्षा दुसरंच खटकलं. ‘साप’ हा प्रकल्प नव्हे, नुसता शब्द आहे. नुसता शब्द टाकला की नेट अख्खा उकिरडा पुढ्यात ओततं.

हे मीही करून बसलोय. एका वर्षी सातवीला ‘विहीर’ दिली. मुलांनी तेवढंच टाकलं. सिनेमाची पोस्टरं आली, भुताचे व्हिडिओ आले, पोरं भुतातच रमली. शेवटी टॅब बंद केले आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारा मोटांची विहीर बघायला गेलो. मोट म्हणजे काय इथूनच सुरुवात. ती वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात बांधून घेतली, असं शिलालेखावरून कळतं. परतल्यावर एका मुलीने नेटवरून उतरवून आणलं, ‘विहीर सन १६४१ मध्ये बांधली.’ मी चूक म्हटलं नाही. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या : शिवरायांचा जन्म १६३०, शाहू महाराजांचा १६८२. वीरूबाई शाहू महाराजांच्या काळातल्या, एवढं तिला ठाऊक होतं. ती फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘गुरुजी, म्हणजे शाहू महाराज जन्मायच्या आधीच त्यांच्या घरातल्या बाईंनी विहीर बांधली?’ शकात ७८ मिळवायला सांगितले, १७१९ ते १७२४ आलं. पुढे वर्षभर ती कुठलाही सन दिसला की ‘शक का इसवी?’ विचारायची. शेजारच्या वर्गाचे सर पार वैतागले होते.

सापांचंही असंच करा. आधी चार दिवस टॅब नकोच. मुलांनी घरी विचारावं : आपल्या शिवारात कोणते साप दिसतात, कुठे, कोणत्या महिन्यात? कुणाला दंश झाला होता का, आधी दवाखाना गाठला की मांत्रिक? यातून प्रश्न निघतील. ‘नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं का?’ हा शोधण्याजोगा प्रश्न झाला. (चालतं. आपल्याकडचं प्रतिविष या चौघांवर मिळूनच असतं. पण मुलांना सांगू नका, शोधू द्या.)

जाहिरातीतली चित्रं वाईटच, पण या प्रकल्पात त्याहून मोठा धोका मजकुराचा आहे. दंशाच्या जागी चिरा द्या, विष चोखून काढा, वर दोरीने आवळून बांधा, असले उपाय नेटवर अजून सापडतात. यातलं काहीच करायचं नसतं. माणसाला धीर द्यायचा, दंश झालेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि तडक दवाखाना गाठायचा. म्हणून नेटवरचा प्रत्येक उपाय आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून मगच वहीत. उत्तर फोनने तोंडी वाचून दाखवलं असलं तरी हाच नियम.

आता टॅबचं. सेफसर्च सुरू करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ते शोधातली घाणेरडी चित्रं बरीचशी अडवतं, पानावरच्या जाहिराती नाही. मराठी विश्वकोश नेटवर फुकट वाचता येतो, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही. आदल्या दिवशी दोन-तीन पानं स्वतः उघडून बघा आणि सुरुवात त्यांच्यापासूनच करा. एका टॅबवर चौघं, पडदा वर्गाकडे तोंड करून. स्वतःचं नाव, शाळा, घरचा नंबर कुठेही टाकायचा नाही.

आणि नको ते उघडलंच, तर टॅब बाकावर पालथा घालायचा आणि ‘बाई’ अशी हाक मारायची. एवढंच. हाक मारणाऱ्याला रागावायचं नाही, हे पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत सांगा. तुमच्या त्या मुलाला घरी मार बसला असेल, तर त्याला जवळ बसवून आधी एवढं सांगा की बोट चुकून पडलं होतं, हे बाईंना ठाऊक आहे.

हेडसरांकडे किल्ली मागायला रिकाम्या हाताने जाऊ नका. मुलांनी लिहिलेले प्रश्न घेऊन जा, आणि जमलं तर त्या वडिलांनाही बरोबर न्या. शेतात साप त्यांनाच जास्त दिसले असतील.