सव्वीस टक्के, पण कशाचे?

'मॅडम, नेमके कुणाचे ऐकायचे?' हा प्रश्न फोंड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा विचारला गेला आहे, की समोरची व्यक्ती पिशवीतून वर्तमानपत्राची कात्रणे काढू लागली की पुढचे वाक्य मला आधीच ऐकू येते. काल घातक ठरलेला नारळ आज पौष्टिक कसा झाला, अंड्याचा बलक खायचा की टाकायचा, अशी ती तक्रार असते. तीच घेऊन आलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या बावन्न वर्षांच्या एका बाईंचा अनुभव इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाईंच्या फायलीत कात्रणे तारखेनुसार चिकटवलेली होती आणि आकड्यांखाली तांबड्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. घरी हुमणातला, म्हणजे माशांच्या आमटीतला, नारळ बंद झाल्यामुळे यजमान रुसले होते, पण खरे दुखणे निराळे होते. रजोनिवृत्तीच्या त्रासाने झोप उडाली होती, डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या होत्या आणि ती चिठ्ठी चार महिने पर्समध्ये पडून होती. एक कात्रण म्हणत होते, 'स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो'. शेजारचे म्हणत होते, 'हार्मोनमुळे हृदयाचे रक्षण'.

औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. परंतु भीती ज्या आकड्यावर उभी आहे, तो आकडा न उघडता भीतीशी बोलता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून दोन्ही कात्रणांची कुळकथा आम्ही पाहिली. सुरुवातीच्या अभ्यासांत स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचे निरीक्षण झाले होते. त्या सहसा अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या असल्यामुळे त्यांच्या निरोगी हृदयाचे बरेचसे श्रेय गोळीच्या पदरात पडले. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीत मात्र कुणाला खरी गोळी आणि कुणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले, आणि दोन हार्मोन एकत्र देणारा तिचा भाग २००२ साली धोक्यामुळे मुदतीआधीच थांबवण्यात आला. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. पुढे वयानुसार आकडे पुन्हा तपासले, तेव्हा रजोनिवृत्तीला फार काळ न लोटलेल्या स्त्रियांच्या हृदयाबाबतचे चित्र वेगळे निघाले.

'बाई, हे २६ टक्के कशाचे?' मी विचारले.

त्यांनी कात्रण वरपासून खालपर्यंत वाचले. 'ते दिलेलेच नाही.'

मी मूळ आकडे सांगितले: वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ३० जणींना हा कर्करोग झाला आणि हार्मोन घेणाऱ्यांत ३८ जणींना. बाईंनी कात्रणाच्या पाठीवर वजाबाकी मांडली, मग भागाकार केला, आणि त्या आठाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

'एखाद्या पोराने नुसते "२६ टक्के" लिहिले असते,' त्या हळूच म्हणाल्या, 'तर मी गुण कापले असते.'

इथे थांबावे असा मोह मलाही झाला होता, कारण गणित सुटल्याचे समाधान दोघींच्याही चेहऱ्यावर होते. पण आठ म्हणजे शून्य नव्हे, आणि बाईंनी लगेच तेच विचारले: 'त्या आठांत मी नसेनच, हे कोण सांगणार?'

'कुणीही नाही,' मी म्हणाले, आणि त्यांना दोन वाक्ये एकाखाली एक लिहायला सांगितली: 'मला खात्री हवी' आणि 'मला खात्री हवीच'. इच्छा आणि हट्ट यांत फरक करायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा विश्वास आहे तो याच एका अक्षरामुळे. पहिली इच्छा माणसाला डॉक्टरांकडे नेते, दुसरी कात्रणांच्या फायलीकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीवर ठेवलेला संशय २०१६ साली मागे घेतला. पहिल्या वाक्याच्या माणसाला ती दुरुस्ती वाटते, दुसऱ्याला फसवणूक. बाईंनी ती वाक्ये तीन-चार वेळा वाचली आणि मग, फाईल न मिटताच, घरी हुमणात नारळ कोणत्या कात्रणामुळे बंद झाला हे आपल्याला आठवतच नसल्याचे कबूल केले.

पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांचा कागद दाखवला. अभ्यास कोणत्या वयाच्या स्त्रियांवर झाला, माझ्या घराण्यातील आजारांमुळे काय फरक पडतो, किती दिवसांनी पुन्हा तपासायचे. चौथा प्रश्न होता, 'हे माझ्यासाठी सुरक्षितच आहे ना?' त्यातला 'च' तांबड्या पेन्सिलीने खोडलेला होता.